जुगाराचे परदेशी दुकान आणि आपले बँक खाते



‘मुलाने मोबाईलवरच्या कसल्यातरी खेळात आपला खाते क्रमांक दिला आहे, त्यात काही धोका आहे का?’ हा प्रश्न हल्ली पालक दबक्या आवाजात विचारू लागले आहेत. रविवारच्या मिस्सेनंतर दहा माणसांत विचारण्यासारखा तो प्रश्न नाही, म्हणून तो बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. क्रिकेटचे सामने सुरू झाले की हे लोण घराघरांत पोहोचते. म्हणून या अभ्यासपानात आम्ही हा विषय थोडा सविस्तर घेत आहोत.

आधी एक गैरसमज दूर करू. नुसता खाते क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी कोड कुणाला कळला म्हणून आपले पैसे काढून नेता येत नाहीत. खाते क्रमांक आपल्या प्रत्येक चेकवर छापलेला असतो. चर्चच्या बांधकामासाठी देणगी मागतानाही तो पत्रकावर छापतात. मग भीती कसली? भीती आहे ती तो क्रमांक कुणाला दिला, त्याच्यासोबत आणखी काय काय दिले, आणि त्या क्रमांकावर पुढे कुणाचे पैसे येऊन पडतात, याची. यातली तिसरी गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि आमच्या मते तीच सर्वांत घातक आहे.

‘ऑफशोअर’ हा शब्द ऐकला की आपल्याकडच्या लोकांना गोव्याच्या मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटी आठवतात. त्या बोटी निदान डोळ्यांना दिसतात. गोव्याच्या जुगारविषयक कायद्यात १९९० च्या दशकात दुरुस्ती करून त्यांना वाट दिली गेली. येथे आपण बोलत आहोत ती दुकाने तशी नाहीत. मोबाईलवर उघडणाऱ्या अशा पुष्कळ दुकानांच्या पाटीवर कुरासाव या बेटाचा परवाना लिहिलेला असतो. हे बेट कॅरेबियन समुद्रात व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ आहे आणि नेदरलँड्सच्या राजसत्तेचा भाग आहे. (तेथील बहुसंख्य लोक आपल्यासारखेच कॅथोलिक आहेत, हा एक योगायोग.) तेथे पूर्वी मूठभर मुख्य परवानाधारक होते आणि ते इतरांना पोटपरवाने वाटत, जगभरातून टीका झाल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये तेथे नवा कायदा लागू झाला. कायदा कितीही सुधारला तरी त्या बेटाचा परवाना भारतात जुगार चालवण्याचा परवाना होत नाही. उद्या पैसे बुडाले तर वसईचा किंवा पालघरचा माणूस तक्रार घेऊन कुरासावला जाणार आहे का? आणि येथील न्यायालयातही वाट नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ३० सांगते की पैजेचा करार निरर्थक असतो. पैजेत जिंकलेले पैसे मिळावेत म्हणून दावा लावता येत नाही. म्हणजे समोरचा माणूस पैसे देईल तर ती त्याची मर्जी.

आता देशाच्या कायद्याकडे वळू. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाईन खेळांविषयीचा नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ, मग ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, या कायद्याने निषिद्ध ठरवले. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद त्यात आहे. बँकांनी अशा खेळांचे पैसे पुढे पाठवू नयेत, असेही म्हटले आहे. त्याच महिन्यात मोठ्या भारतीय कंपन्यांनी आपले पैशांचे खेळ बंद केले. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आज ज्या ॲपवर पैसे लावून खेळायला बोलावले जाते, ते कायद्याच्या बाहेर उभे राहूनच बोलावत आहे. ‘पण त्याची जाहिरात तर नामांकित क्रिकेटपटू करतो!’ असे मुले म्हणतात. अशाच एका परदेशी बेटिंग ॲपच्या प्रकरणात २०२५ मध्ये काही नामवंत खेळाडूंना आणि कलाकारांना सक्तवसुली संचालनालयाने चौकशीला बोलावले, हेही मुलांना सांगावे. खेळाडू चांगला फलंदाज आहे म्हणून त्याने दाखवलेले दुकान चांगले ठरत नाही.

जुन्या लोकांना मटका आठवत असेल. पूर्वी मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर आकडे लावत, त्यातून पुढे हे प्रकरण वाढले आणि ओपन-क्लोजच्या नादाने कित्येक घरांची वाट लागली. त्या मटक्याविषयी आम्हांला काडीचेही प्रेम नाही. परंतु एक गोष्ट खरी, मटकेवाल्याने कधी कुणाचे पासबुक मागितले नाही. चिठ्ठीवर नाव-गाव नसे. खिशात होते तेवढे गेले की माणूस रिकाम्या हाताने घरी येई. आजचा जुगार खिशापाशी थांबत नाही, तो खात्यापर्यंत पोहोचतो, आणि खाते हे पुष्कळदा एकट्याचे नसते.

पैसे कसे फिरतात ते पाहा. खेळणाऱ्याने पैसे भरायचे ठरवले की ॲपवर एक क्यूआर कोड किंवा यूपीआय पत्ता दिसतो. तो कंपनीच्या नावाचा नसतो. कुणा अनोळखी व्यक्तीचा, कधी भाजीवाल्याचा, कधी एखाद्या ‘ट्रेडर्स’चा असतो, आणि वरचेवर बदलत राहतो. आपण पैसे पाठवतो, व्यवहाराचा क्रमांक ॲपमध्ये लिहितो आणि खेळाच्या वहीत आपल्या नावावर रक्कम जमा झालेली दिसते. बँकेच्या दृष्टीने आपण एका माणसाला पैसे पाठवले, एवढेच. ज्याच्या खात्यात ते गेले त्या माणसाला बहुधा आपले खाते कशासाठी वापरले जाते याचा पुरता पत्ताही नसतो. त्याने ते भाड्याने दिलेले असते. पोलीस आणि बँका अशा खात्याला ‘म्यूल’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याचे ओझे वाहणारे खेचर.

आता उलटा प्रवास. समजा खेळणारा जिंकला. पैसे काढण्यासाठी त्याने आपला खाते क्रमांक आणि आयएफएससी दिला. पैसे आलेही. आनंदीआनंद. पण ते आले कुठून? कुरासावच्या बँकेतून नव्हे, तर दुसऱ्या एखाद्या खेचर-खात्यातून. आणि त्या खात्यात त्याच दिवशी, दूर कुठल्यातरी राज्यातील एखाद्या निवृत्त शिक्षकाला फसवून उकळलेले पैसे जमा झालेले असू शकतात. जुगारवाले आणि ऑनलाईन फसवणूक करणारे पुष्कळदा हीच भाड्याची खाती वापरतात. तो शिक्षक १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवतो. पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात कसा गेला त्याचा माग काढला जातो आणि त्या साखळीतली खाती गोठवली जातात. साखळीच्या शेवटी आपले खाते! आपण कुणालाही फसवलेले नाही, तरी चोरीचा पैसा आपल्या दारात सापडला.

मग काय होते? एके दिवशी एटीएममधून पैसे निघत नाहीत. बँकेत चौकशी केली तर समजते की अमुक राज्यातील पोलिसांच्या पत्रावरून खाते रोखले आहे. केवळ संशयित रकमेपुरतीच अडवणूक करावी, सबंध खाते बंद करू नये, असे काही उच्च न्यायालयांनी म्हटले आहे. पण ते सिद्ध करून घ्यायला अर्ज, खुलासे, वकील आणि कधी परराज्यातील पोलीस ठाण्याच्या फेऱ्या आल्या. खुलाशात लिहायचे काय? ‘हे पैसे मी जुगारात जिंकलो’ असे लिहायला हात धजत नाही.

येथे आपल्या घरांची रचना लक्षात घ्या. आपल्याकडे आई-मुलगा, नवरा-बायको अशी संयुक्त खाती फार. आईची पेन्शन त्यातच येते, परदेशी बोटीवर किंवा आखातात असलेल्या भावाचा पैसा त्यातच येतो, गृहकर्जाचा हप्ता आणि पाळणाघराची फी त्यातूनच जाते. मुलाने पाचशे रुपये जिंकून त्या खात्यात घेतले आणि खाते गोठले, तर आईच्या औषधाचे पैसे अडकतात. मुलाला हा धोका कुणी समजावून सांगितलेला नसतो. जिंकणे हेही धोक्याचे असते, हे ऐकून तो हसेल. पण त्याला हे सांगा.

हे प्रकार किरकोळ नाहीत. मार्च २०२५ मध्ये जीएसटी गुप्तचर महासंचालनालयाने जाहीर केले की बेकायदा परदेशी जुगाराची ३५७ संकेतस्थळे बंद पाडण्यात आली, आणि दोन स्वतंत्र प्रकरणांत सुमारे २४०० बँक खाती रोखून जवळजवळ १२६ कोटी रुपये गोठवण्यात आले. त्या २४०० खात्यांमागे २४०० बादशहा नाहीत. बहुतेक नावे साध्या माणसांचीच असणार.

खाते क्रमांकासोबत आणखी काय मागितले जाते? ‘पडताळणी’ म्हणून पॅन कार्ड, आधार कार्ड, रद्द केलेला चेक आणि हातात कार्ड धरून काढलेला स्वतःचा फोटो. हे सारे एकत्र म्हणजे आपल्या नावाचा दुसरा माणूस उभा करण्याचे साहित्य. त्यावर सिम कार्ड घेता येते, ऑनलाईन कर्ज काढण्याचा प्रयत्न करता येतो, एखादे खाते उघडून ते खेचर म्हणून वापरता येते. आपली बँक हीच कागदपत्रे मागते हे खरे. पण ती रिझर्व्ह बँकेला उत्तर देण्यास बांधलेली आहे. हे दुकान कुणालाच उत्तर देत नाही.

कार्डाचे वेगळे आहे. भारतातील दुकानात ऑनलाईन खरेदी करताना ओटीपी येतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. परदेशी संकेतस्थळावर अनेकदा ओटीपीशिवाय, केवळ कार्डावरचे सोळा आकडे, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे यांवर व्यवहार होऊन जातो. ते तीन आकडे एकदा दिले की तिजोरीची किल्ली दिली. सुदैवाने रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवे कार्ड देताना परदेशी व्यवहार बंद ठेवलेले असतात आणि ते चालू-बंद करण्याची सोय ग्राहकाच्या हाती असते. ती सोय आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शोधून पाहा. मुलाने ‘आई, एक मिनिट फोन दे’ म्हणून ती चालू करून ठेवलेली असू शकते.

ॲप कुठून उतरवले हाही प्रश्न आहे. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर आलेल्या दुव्यावरून एपीके फाइल उतरवली आणि तिला मेसेज वाचण्याची परवानगी दिली, तर आपल्या फोनवर येणारा ओटीपी तिलाही वाचता येतो. मग ‘मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही’ हे आपले म्हणणे खरे असूनही उपयोगाचे राहत नाही.

आणखी एक युक्ती. खेळाच्या वहीत ऐंशी हजार रुपये जिंकल्याचे दिसते. काढायला गेले की संदेश येतो, ‘आधी तीस टक्के कर भरा, मग रक्कम सोडू.’ माणूस उसने काढून चोवीस हजार भरतो. मग ‘प्रक्रिया शुल्क’, मग आणखी काही. येथे एवढे ध्यानात ठेवावे की आपल्या देशात अशा जिंकलेल्या रकमेवरचा कर पैसे देणाऱ्याने त्या रकमेतूनच कापून सरकारकडे भरायचा असतो. जिंकणाऱ्याकडून तो आगाऊ मागवण्याची पद्धत नाही. जो मागतो तो लुबाडतो.

तरुणांसाठी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम महिनाभरासाठी दे, दहा-पंधरा हजार घे, असे सांगणारा एखादा ‘मित्र’ भेटतो. नोकरी नसलेल्या मुलाला हा फुकटचा पैसा वाटतो. छत्तीसगडमधून उघडकीस आलेल्या आणि दुबईतून सूत्रे हलवल्या जाणाऱ्या महादेव बेटिंग ॲपच्या प्रकरणात तपास यंत्रणेने हेच मांडले: ठिकठिकाणी शाखा, त्यांच्याशी नफ्याची वाटणी आणि दुसऱ्यांच्या नावावरची खाती. केंद्र सरकारने ५ नोव्हेंबर २०२३ रोजी त्या ॲपसह २२ ॲप व संकेतस्थळांवर बंदी घातली. चालवणारे विमानाने निघून जातात. ज्याचे नाव पासबुकावर असते तो गावातच असतो, आणि पोलीस प्रथम त्याच्याच दारात येतात. खाते भाड्याने देणारा हा फसवणुकीच्या गुन्ह्यात सहआरोपी होऊ शकतो.

कुणी म्हणेल, ‘चर्चच्या सणाला हाऊजी चालते, रॅफलची तिकिटे खपवता, आणि आम्हांला उपदेश करता?’ प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देऊ नये. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (परिच्छेद २४१३) नशिबाच्या खेळांना वा पैजेला मुळातच पाप म्हणत नाही. प्रेषितांनी यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच केली होती. परंतु आपल्या व इतरांच्या गरजा भागवण्यासाठी लागणारे धन ज्याने हिरावले जाते, तो खेळ नैतिकदृष्ट्या स्वीकारता येत नाही, आणि जुगाराची ओढ माणसाला गुलाम करू शकते, असा इशारा तीच शिकवण देते. सणाच्या हाऊजीत वीस रुपये जातात, ते कुठे जातात हे माहीत असते, आणि रात्री दहाला खेळ संपतो. मोबाईलवरचा खेळ संपत नाही. तरीही, सणाच्या मांडवातला एखादा माणूस खिशाबाहेर तिकिटे घेताना दिसला, तर खपवणाऱ्यांनी हात आवरावा, असे आम्हांला प्रामाणिकपणे वाटते.

योहानकृत शुभवर्तमानात क्रूसाखालचे शिपाई प्रभूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. वर माणूस मरत आहे आणि खाली त्याचे वस्त्र कुणाला मिळेल याकडे सर्वांचे लक्ष. कुणा अनोळखी वृद्धाचे लुबाडलेले पैसे ‘माझी जीत’ म्हणून आपल्या खात्यात येतात, तेव्हा आपणही त्या घोळक्यापासून फार दूर नसतो. हे बोलणे कठोर वाटेल. पण पैसा कुणाचा, हा प्रश्न श्रद्धावंताने विचारायलाच हवा.

आणि ज्यांच्या घरात हे दुखणे शिरले आहे त्यांनी संत कॅमिलस यांची आठवण ठेवावी. १५५० साली जन्मलेला हा धिप्पाड सैनिक जुगाराच्या नादी इतका लागला की १५७४ मध्ये नेपल्समध्ये शस्त्रांसह होते-नव्हते ते हरून बसला. पुढच्याच वर्षी कापुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी करत असताना त्याचे मनपरिवर्तन झाले. पुढे त्याने रुग्णसेवकांचा संघ स्थापन केला आणि १७४६ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला संत म्हणून घोषित केले. १४ जुलै हा त्यांचा सण. जुगारी माणसासाठी आपल्या पंचांगात जागा आहे, एवढे या सणावरून कळावे.

माहिती आधीच दिली गेली असेल तर? लाज हाच येथे मोठा शत्रू आहे. मुलगा सांगत नाही, बाप पोलिसांकडे जात नाही, आणि तास निघून जातात. २०२५ च्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. रोख चालवणाऱ्यांवर आहे. तेव्हा ‘आम्हांलाच आत टाकतील’ या भीतीने गप्प बसू नये. पैसे गेल्याचे कळताच प्रथम १९३० वर फोन करावा, कारण पैसा पुढच्या खात्यात जाण्याआधीच तो अडवता येतो. त्याच वेळी बँकेला कळवून कार्ड बंद करावे, यूपीआयचा पिन आणि नेट बँकिंगचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलावा, ऑटोपेला दिलेल्या परवानग्या तपासून रद्द कराव्यात आणि मगच ते ॲप काढून टाकावे. ॲप काढण्यापूर्वी पडद्याची छायाचित्रे घ्यावीत. व्यवहारांचे क्रमांक पुढे लागतात.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढून अनधिकृत व्यवहारांतील जबाबदारी ठरवून दिली, आणि सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसेच परिपत्रक निघाले. चूक बँकेची नाही, आपलीही नाही, आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळवले, तर तोटा आपल्यावर येत नाही, असे त्यात ठरले. पण ग्राहकाने स्वतःच पिन वा ओटीपी देऊन टाकला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचाच. कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणून कळवल्याची वेळ लेखी घ्यावी. शाखेत अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागून घ्यावी.

पैसे गेलेले नाहीत, केवळ खाते क्रमांक दिला आहे आणि त्यावर काही रक्कम येऊन पडली आहे, अशी स्थिती असेल तर ती खर्च करू नये, आणि ‘चुकून आले, परत पाठवा’ असा फोन आला तर त्या माणसाने सांगितलेल्या नव्या क्रमांकावरही पाठवू नये. शाखेत जाऊन व्यवस्थापकांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. मुलाचे व्यवहाराचे खाते आईवडिलांच्या पेन्शनच्या खात्यापासून वेगळे करून घ्यावे. त्याच फेरीत हेही काम होते.